'से' कधी लावायचं, कधी नाही: स्पॅनिश आत्मवाचक क्रियापदांचा वारंवार होणारा घोळ

स्पॅनिश शिकणाऱ्या साधारण सगळ्यांची तक्रार सारखीच असते. 'मे, ते, से, नोस, ओस, से' हा आत्मवाचक सर्वनामांचा तक्ता पाठ आहे. गाळलेल्या जागा भरायला दिल्या तर एकही चुकत नाही. पण कुणाशी चार वाक्यं बोलायची वेळ आली की तोंडातून निघतं, 'यो लेवान्तो आ लास सिएते'. ऐकणारा क्षणभर थांबतो, कारण त्याला 'मी सात वाजता उचलतो' असं ऐकू आलेलं असतं आणि तुम्ही काय उचलता ते तो ऐकायला थांबलेला असतो. ही चूक टाळायची म्हणून मग 'से' वाटेल तिथे चिकटायला लागतं: 'मे देस्कान्सो', 'किएरो लेवान्तार्से', 'नोसोत्रोस से बामोस'. यावर नेहमीचा सल्ला मिळतो की तक्ता पुन्हा पाठ करा. केला तरी पुढच्या आठवड्यात तीच गत.

यात दोन वेगळे बिघाड एकमेकांत मिसळलेले असतात. एक म्हणजे या क्रियापदाला 'से' लागतं की नाही, हेच ऐनवेळी सुचत नाही. दुसरा म्हणजे लागतं हे माहीत असतं, पण 'मे' की 'से', आधी की नंतर, यात गडबड होते. तक्ता फक्त दुसऱ्यावर चालतो, तोही अर्धवट. पहिल्या बिघाडाचं मूळ वेगळं आहे, आणि मराठी माणसासाठी त्याचा उपायही वेगळा आहे.

उच्चारांबद्दल एवढंच की खाली लॅटिन अमेरिकेतले उच्चार धरले आहेत. स्पॅनिशमध्ये 'बी' आणि 'व्ही' या अक्षरांचा उच्चार एकच असतो. तो शब्दाच्या सुरुवातीला 'ब'सारखा आणि दोन स्वरांमध्ये मऊ, 'व'च्या जवळ जातो, म्हणून खाली कुठे 'ब' तर कुठे 'व' दिसेल.

'स्वतःला' हा अर्थ सोडून द्या

आपल्यापैकी बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतात. पुस्तक सांगतं की आत्मवाचक क्रियापद म्हणजे कर्ता स्वतःवरच क्रिया करतो: 'मे लावो', मी मला धुतो, 'मे मिरो', मी मला आरशात पाहतो. आंघोळ आणि आरसा इथपर्यंत हे ठीक चालतं. पण 'मी स्वतःला उठवतो', 'मी स्वतःला बसवतो' असं घरात कोण बोलतं? डोक्यात वाक्य तयार होतं 'मी उठतो'. त्यात 'स्वतःला' नाही, म्हणून स्पॅनिशमध्ये 'मे'ही येत नाही. म्हणजे 'मे' आठवणीतून निसटत नाही. ज्या खुंटीला ते टांगलेलं आहे ती खुंटीच मराठी वाक्यात नसते.

आता इंग्रजी बाजूला ठेवा आणि शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. प्रयोजक क्रियापदं: उठणे – उठवणे, बसणे – बसवणे, निजणे – निजवणे, भिजणे – भिजवणे, वाळणे – वाळवणे, दमणे – दमवणे, घाबरणे – घाबरवणे, बुडणे – बुडवणे. मराठीत आपण साध्या क्रियेपासून सुरुवात करतो आणि दुसऱ्याकडून ती घडवायची असेल तर 'व' जोडतो. स्पॅनिशमध्ये हीच जोडी आहे, पण उलट्या दिशेने. तिथलं कोरं क्रियापद बहुतेक वेळा 'वणे'वालं असतं, आणि साधी क्रिया हवी असेल तर 'से' जोडावं लागतं.

'लेवान्तार' म्हणजे उठवणे, उचलणे. 'लेवान्तार्से' म्हणजे उठणे. 'सेन्तार' बसवणे, 'सेन्तार्से' बसणे. 'आकोस्तार' निजवणे, 'आकोस्तार्से' निजणे, आडवं होणे. 'देस्पेर्तार' जागं करणे, 'देस्पेर्तार्से' जागं होणे. 'मोहार' भिजवणे, 'मोहार्से' भिजणे. 'सेकार' वाळवणे, 'सेकार्से' वाळणे. 'कान्सार' दमवणे, 'कान्सार्से' दमणे. 'आसुस्तार' घाबरवणे, 'आसुस्तार्से' घाबरणे. बुडवण्याला 'उन्दिर' म्हणतात आणि बुडण्याला 'उन्दिर्से'. हा शब्द मराठी कानाला एकदा ऐकला की पुन्हा विसरत नाही.

माणसं नसली तरी हेच चालतं. तोडणे – तुटणे, फोडणे – फुटणे या जोड्यांसाठी 'रोम्पेर – रोम्पेर्से'. जाळणे – जळणे साठी 'केमार – केमार्से'. 'आब्रो ला पुएर्ता' म्हणजे मी दार उघडतो आणि 'ला पुएर्ता से आब्रे' म्हणजे दार उघडतं. दार स्वतःवर काही करत नाही. 'स्वतःला' हा अर्थ धरून बसलात तर या वाक्यातलं 'से' कधीच पटणार नाही. उघडणं – उघडलं जाणं या अंगाने पाहिलं तर त्यात समजायला काही उरत नाही.

त्यामुळे वहीत शब्द लिहिताना एक सवय बदला. 'लेवान्तार्से = उठणे' एवढंच लिहू नका. शेजारी 'लेवान्तार = उठवणे' हेही लिहा. कोऱ्या रूपाचा अर्थ माहीत असला की बोलताना प्रश्न सोपा होतो: मला 'उठवतो' म्हणायचं आहे का? नाही ना? मग 'से'चं काहीतरी रूप लागणार. आई मुलाला उठवते: 'ला माद्रे लेवान्ता आल निन्यो'. मूल उठतं: 'एल निन्यो से लेवान्ता'.

लग्नाचं उदाहरण तर फारच चपखल आहे. 'कासार' म्हणजे लग्न लावणे, म्हणजे भटजी किंवा पाद्री करतो ते काम. 'कासार्से' म्हणजे लग्न करणे. (लग्नघरी बांगड्या भरायला येणारा कासार आठवा, शब्द जन्मभर लक्षात राहील.) आणि कुणाशी करायचं? 'कासार्से कोन', म्हणजे '-शी'. इंग्रजीतून आलेले विद्यार्थी इथे 'कोन' गाळतात, मराठीतून विचार करणाऱ्याला ते गाळावंसंच वाटत नाही.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही. काही स्पॅनिश क्रियापदं दोन्ही कामं 'से'शिवाय करतात. 'एम्पेसार' म्हणजे सुरू करणे आणि सुरू होणेही: 'ला क्लासे एम्पिएसा', तास सुरू होतो. 'एर्विर' म्हणजे उकळणे आणि उकळवणे: 'एल आग्वा इएर्वे', पाणी उकळतं. भाव वाढतात ते 'लोस प्रेसिओस सुबेन', तिथेही 'से' नाही. 'क्रेसेर' (वाढणे, मोठं होणे), 'सालिर' (बाहेर पडणे), 'येगार' (पोचणे) ही मुळातच साध्या क्रियेची क्रियापदं आहेत, त्यांना 'वणे' अर्थ नाही, म्हणून 'से'ची गरज नाही. अशी क्रियापदं भेटतील तशी लिहून ठेवा.

आणि काही क्रियापदं 'से'शिवाय सापडतच नाहीत: 'केहार्से' तक्रार करणे, 'आत्रेवेर्से' धजणे, 'आर्रेपेन्तिर्से' पस्तावणे. यांचं कोरं रूप शोधत बसू नका. पण त्यांच्यानंतर येणारं शब्दयोगी अव्यय सोबतच पाठ करा: 'केहार्से दे', 'आत्रेवेर्से आ', 'आर्रेपेन्तिर्से दे'.

हात धुऊन घे

दुसरा मोठा गट अंगाशी आणि कपड्यांशी निगडित आहे: धुणे, विंचरणे, दात घासणे, दाढी करणे, घालणे, काढणे. इथे मराठीत एक सोय आहे जी इंग्रजीत नाही. आपण म्हणतो हात धुऊन घे, केस विंचरून घे, आंघोळ करून घे. हे 'ऊन घे' म्हणजे क्रियेचं फळ करणाऱ्याच्या पदरात पडतं. स्पॅनिश 'से' अगदी हेच सांगतं. 'लावाते लास मानोस', हात धुऊन घे. 'पेइनाते', केस विंचरून घे.

गंमत म्हणजे न्हाव्याकडे जाऊन आलेला मराठी माणूस 'मी केस कापून घेतले' म्हणतो आणि स्पॅनिश माणूस 'मे कोर्ते एल पेलो' म्हणतो. कात्री दोघांनीही हातात घेतलेली नसते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य वाचून वाटतं की याने घरीच केस कापले.

इथे एक चूक हमखास होते: 'मे लावो मिस मानोस'. 'मिस' म्हणजे 'माझे'. ते नको. 'मे' आल्यावर हात कुणाचे हे कळलेलंच असतं, म्हणून फक्त 'लास मानोस'. मराठीत तरी आपण 'मी माझे हात धुतो' कुठे म्हणतो? 'हात धुतो' म्हणतो. 'माझे' इंग्रजीतून येतं आहे, त्याला तिथेच अडवा.

कपड्यांमध्ये 'बेस्तिर्से' आणि 'पोनेर्से' यांची सरमिसळ होते. 'मे बिस्तो' म्हणजे मी कपडे घालतो, तयार होतो. त्याच्यापुढे शर्ट, साडी असं काही येत नाही. शर्ट घालायचा असेल तर 'मे पोन्गो ला कामिसा', आणि काढायचा असेल तर 'मे कितो ला कामिसा'. 'मे'शिवाय 'पोन्गो ला कामिसा' म्हणालात तर तुम्ही शर्ट कुठेतरी ठेवताय.

'घेणे'ची खूण कधी फसवते तेही पाहा. विश्रांती घेणे म्हणजे 'देस्कान्सार', 'से' नाही. श्वास घेणे म्हणजे 'रेस्पिरार', इथेही नाही. ही 'घेणे' नामापुढे आलेली आहेत. आपल्याला हवी ती दुसऱ्या क्रियापदाच्या 'ऊन'ला जोडलेली.

'किएरो लेवान्तार्से': दुसरा बिघाड

'से' लागतं हे कळलं, तरी 'मी'बरोबर 'से' आणि 'आम्ही'बरोबर 'से' येत राहतं. याचं कारणही मराठीतच आहे. मी स्वतः, तू स्वतः, ते स्वतः. मी आपलं काम करतो, ती आपलं काम करते. आपली आत्मवाचक सर्वनामं कर्त्याप्रमाणे बदलत नाहीत. त्यामुळे 'से' हा एक न बदलणारा शेपूट आहे असं मन धरून चालतं. शब्दकोशही 'लेवान्तार्से' असंच छापतो, त्याने ही समजूत घट्ट होते.

शब्दकोशातलं ते 'से' म्हणजे नुसती जागा राखणारी पाटी आहे. वाक्यात आल्याबरोबर तिच्या जागी कर्त्याचं रूप बसलं पाहिजे, मग क्रियापद मूळ रूपातच का असेना: 'किएरो लेवान्तार्मे', मला उठायचंय, 'केरेमोस लेवान्तार्नोस', आम्हाला उठायचंय, 'तिएनेस के दुचार्ते', तुला आंघोळ करायलाच हवी. वहीत मूळ रूप लिहिताना मी विद्यार्थ्यांना 'से'ऐवजी 'मे' लावूनच लिहायला सांगते: लेवान्तार्मे, दुचार्मे, आकोस्तार्मे. स्वतःबद्दल बोलणं सर्वांत जास्त होतं, तेव्हा तेच रूप आधी जिभेवर बसावं. शब्दकोशाचं रूप हवं तेव्हा आपोआप कळतं.

'उस्तेद'चंही सांगायला हवं. मराठीत 'तुम्ही' आणि आदराचं 'आपण' यांना अनेकवचनी क्रियापद लागतं. 'उस्तेद' आदरार्थी असलं तरी क्रियापद एकवचनी तृतीय पुरुषाचं आणि सर्वनाम 'से': 'कोमो से यामा उस्तेद?', आपलं नाव काय? ओळखीच्या किंवा समवयस्क माणसाला 'कोमो ते यामास?' दोन्हींची खिचडी करून 'कोमो से यामास' म्हणालात तर समोरचा समजून घेतो, पण कानाला खटकतंच.

जागेचा नियम लहान आहे. चालवलेल्या, म्हणजे पुरुष-काळाप्रमाणे बदललेल्या क्रियापदाच्या आधी, सुटं: 'मे दुचो', 'नो मे दुचो'. मूळ रूप, चालू क्रियेचं 'आन्दो–इएन्दो' रूप आणि होकारार्थी आज्ञा यांना मागून, चिकटून: 'दुचार्मे', 'दुचान्दोमे', 'दुचाते'. नकारार्थी आज्ञेत पुन्हा क्रियापदाच्या आधी: 'नो ते दुचेस'. दोन क्रियापदं असतील तर दोन्ही जागा चालतात: 'मे बोय आ दुचार' किंवा 'बोय आ दुचार्मे'. मधली जागा मात्र कधीही नाही. 'एस्तोय मे दुचान्दो' हे कुठल्याच देशात बरोबर नाही. 'मे ए लेवान्तादो'मध्येही (मी उठलो आहे) 'मे' 'ए'च्या आधीच येतं.

शाळेत फ्रेंच घेतलेल्यांसाठी जाताजाता: तिथे आत्मवाचक क्रियापदांचा पूर्ण भूतकाळ वेगळ्या सहायक क्रियापदाने होतो, स्पॅनिशमध्ये नाही. इथे सदैव 'आबेर' (वरचं 'ए' हे त्याचंच रूप), आणि 'लेवान्तादो' बाईने म्हटलं तरी 'लेवान्तादा' होत नाही. गोव्यात घरी पोर्तुगीज ऐकलेल्यांची अडचण निराळी असते. युरोपीय पोर्तुगीजमध्ये साध्या विधानातही सर्वनाम क्रियापदाच्या मागे जोडतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी 'लेवान्तो मे' येतं. त्यांना फक्त जागा बदलायची असते, बाकी सगळं आधीच आत असतं.

'मे गुस्ता' आणि 'मे यामो' एकच का नाहीत

पहिल्या महिन्यातच 'मे गुस्ता' शिकवतात आणि लगेच 'मे यामो' (माझं नाव अमुक). दोन्हीकडे 'मे' दिसतं आणि पुढची गुंतागुंत इथून सुरू होते: 'मे गुस्तो' किंवा 'मे लेवान्ता'. मराठी माणसाने खरं तर इथे अडखळायलाच नको. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं; आवडणारी वस्तू कर्ता आहे, क्रियापद तिच्याप्रमाणे चालतं. 'मे लेवान्तो'मध्ये मी कर्ता आहे आणि क्रियापद माझ्याप्रमाणे चालतं.

शंका आली की वाक्य 'ती'वर न्या. 'ले गुस्ता', तिला आवडतं; 'से लेवान्ता', ती उठते. 'ले' आलं तर '-ला' आहे, 'से' आलं तर आत्मवाचक. मी-तू-आम्हीमध्ये रूपं सारखी दिसतात म्हणून घोटाळा होतो, तृतीय पुरुषात ती वेगळी होतात.

अशीच तृतीय पुरुषाची युक्ती 'मे सिएन्तो'ला लागते. हे दोन क्रियापदांचं एकच रूप आहे. 'सेन्तार्से' म्हणजे बसणे, 'सेन्तिर्से' म्हणजे (बरं, वाईट) वाटणे. 'मे सिएन्तो एन ला सिया' म्हणजे मी खुर्चीवर बसतो आणि 'मे सिएन्तो माल' म्हणजे मला बरं वाटत नाहीये. संदर्भाने कळतं. पण 'ती' आली की 'से सिएन्ता' बसते आणि 'से सिएन्ते' तिला वाटतं. दवाखान्यात 'सिएन्तेसे' असं ऐकू आलं तर डॉक्टर बसायला सांगताहेत, तब्येत विचारत नाहीत.

बसण्यावरून आणखी एक. 'मी बसलोय' याला 'मे एस्तोय सेन्तान्दो' म्हणतात, ते चूक. त्याचा अर्थ 'मी बसण्याच्या क्रियेत आहे', अर्धवट वाकलेला. बसलेली स्थिती म्हणजे 'एस्तोय सेन्तादो', बाई असेल तर 'सेन्तादा', आणि इथे 'मे' नाही. मराठीत 'बसतोय' आणि 'बसलोय' असा फरक आपण न विचार करता करतो. तोच इथे करा. 'मे कान्सो' दमतो, 'एस्तोय कान्सादो' दमलोय.

'से' लागल्यावर अर्थच फिरतो

दारावर कुणी टकटक केलं तर आपण आतून ओरडतो, 'आलो, आलो!' स्पॅनिश घरात ओरडतात, '¡या बोय!' पाहुणा उठतो आणि म्हणतो, 'बराय, निघतो.' त्याचं स्पॅनिश '¡या मे बोय!' एका 'मे'ने येणारा जाणारा झाला. 'इर' म्हणजे कुठेतरी जाणे, 'इर्से' म्हणजे इथून निघणे, निघून जाणे. आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणायची रीत आहे; तिचं शब्दशः स्पॅनिश करू नका.

हा गट पाठ करण्यापेक्षा मराठी संयुक्त क्रियापदांच्या मदतीने पकडता येतो. 'दोर्मिर' झोपणे, 'दोर्मिर्से' डोळा लागणे: 'दोर्मी ओचो ओरास', आठ तास झोपलो, 'मे दोर्मी एन एल आउतोबूस', बसमध्ये डोळा लागला. 'कोमेर' खाणे, 'कोमेर्से' खाऊन टाकणे: 'से कोमिओ तोदा ला तोर्तिया', सगळं ऑम्लेट फस्त केलं. 'लेएर्से उन लिब्रो' म्हणजे पुस्तक वाचून काढणे. 'टाकणे', 'काढणे' जसं ठरावीक, मोजक्या गोष्टीला लागतं तसंच हे 'से'ही. नुसतं 'मी मासे खातो' म्हणायचं असेल तर 'कोमो पेस्कादो', 'मे' नाही.

निरोपाची जोडी माझी आवडती. 'देस्पेदिर' म्हणजे निरोप देणे, आणि ऑफिसात निरोप देणे म्हणजे कामावरून काढणे. 'देस्पेदिर्से दे' म्हणजे निरोप घेणे. 'एल हेफे लो देस्पिदिओ', साहेबांनी त्याला काढलं. 'से देस्पिदिओ देल हेफे', त्याने साहेबांचा निरोप घेतला. 'से' विसरण्याने कुणाची नोकरी जाते ते असं.

बाकीचे थोडक्यात. 'केदार' (होय, आपल्या केदारसारखंच) स्पेनमध्ये भेटायचं ठरवण्यासाठी वापरतात, 'केदामोस आ लास ओचो'. 'केदार्से' म्हणजे थांबणे, राहणे, 'मे केदो एन कासा'. दुकानात 'मे केदो कोन एस्ते' म्हणजे 'हाच घेतो मी'. 'पारेसे कान्सादो', दमलेला दिसतो. 'से पारेसे आ सु पाद्रे', वडिलांवर गेलाय. 'आकोर्दार' ठरवणे, 'आकोर्दार्से दे' आठवणे. आठवण्यासाठीच 'रेकोर्दार' हेही आहे, पण प्रमाण भाषेत त्याला 'से' लागत नाही. दोघांचं मिश्रण करू नका.

मराठीतल्या 'होणे'साठी स्पॅनिशमध्ये निदान चार 'से'वाली क्रियापदं आहेत आणि इथे मराठीची काही मदत होत नाही. क्षणिक बदल, रंग, मनःस्थिती यांना 'पोनेर्से': 'से पुसो रोहो', लाल झाला. स्वभाव किंवा डोकंच बदललं तर 'बोल्वेर्से': 'से बोल्विओ लोको', वेडा झाला. कष्टाने, ठरवून झालं तर 'आसेर्से': 'से इसो मेदिका', ती डॉक्टर झाली. काही गमावून मागे उरलेली अवस्था असेल तर 'केदार्से': 'से केदो सिएगो', आंधळा झाला. सीमारेषेवर माणसांचं एकमत नसतं, त्यामुळे इथे फार घाबरू नका.

माझ्या हातून ग्लास पडला

'से'चा एक प्रकार पाठ्यपुस्तकं फार उशिरा आणतात आणि अवघड म्हणून आणतात. मराठी माणसाला तो पहिल्याच वर्षी द्यायला हरकत नाही. 'से मे कायो एल बासो': माझ्या हातून ग्लास पडला. मी पाडला नाही, तो पडला, पण माझ्या हातून. 'से मे रोम्पिएरोन लोस प्लातोस', माझ्या हातून बश्या फुटल्या. 'से मे पेर्दिएरोन लास यावेस', माझ्याकडून चाव्या हरवल्या.

मराठीत क्रियापद बश्यांप्रमाणे बदललं ना? 'फुटली' नाही, 'फुटल्या'. स्पॅनिशमध्येही तसंच: एक बशी 'रोम्पिओ', अनेक बश्या 'रोम्पिएरोन'. आधीचं 'से' कायम राहतं. 'माझ्या, तुझ्या, त्याच्या, आमच्या हातून' एवढंच बदलायचं: 'से मे', 'से ते', 'से ले', 'से नोस'. इथे तृतीय पुरुषाला 'ले' आहे, 'से' नाही, कारण हा '-च्या हातून' आत्मवाचक नाही. 'से मे ओल्विदो', विसरलोच, हे तर रोज लागेल. शेवटच्या 'दो'वर जोर द्यायला विसरू नका, नाहीतर काळ बदलतो.

आज्ञा, आणि देशोदेशीचे फरक

स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'बोसोत्रोस' म्हणतात आणि त्याला 'ओस' लागतं. आज्ञेत मधला 'द' गळतो: 'लेवान्ताओस', 'सेन्ताओस'. 'इर्से'चं मात्र पुस्तकी रूप 'इदोस' आहे आणि ते प्रत्यक्षात क्वचितच कुणी म्हणतं. सगळे 'इरोस' म्हणतात. स्पॅनिश भाषेच्या राजअकादमीने 2017 मध्ये 'इरोस'लाही मान्यता दिली, त्यामुळे आता ते बोलायला कुणी हरकत घेऊ शकत नाही. लॅटिन अमेरिकेत 'बोसोत्रोस' नाही, 'उस्तेदेस' आहे, म्हणजे 'से' आणि 'लेवान्तेन्से'. तिकडच्या लोकांशीच बोलणार असाल तर 'ओस' ओळखता आलं तरी पुरे. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' असतं, पण त्याचं सर्वनाम 'ते'च: 'कोमो ते यामास', फक्त जोर 'मास'वर.

बिघाड गेला का, कसं पाहायचं

'मी सकाळी उठतो, दात घासतो' हे वाक्य सगळ्यांचं पाठ असतं, म्हणून ते तपासणीला निरुपयोगी. त्याऐवजी घरातल्या दुसऱ्या माणसाचा रविवार सांगा. आजी उठते, नातवाला उठवते, आंघोळ करून घेते, नातवाला आंघोळ घालते, दमते, खुर्चीत बसते, तिथेच तिचा डोळा लागतो, नातवाच्या हातून कप फुटतो, ती घाबरून जागी होते. यात दर दोन वाक्यांनी 'से' लावायचं की नाही हे ठरवावं लागतं, कारण उठणं आणि उठवणं शेजारी शेजारी आहेत. 'ला आबुएला से लेवान्ता' आणि लगेच 'लेवान्ता आल निएतो'. 'से बान्या' आणि 'बान्या आल निएतो'. हे मोबाइलवर रेकॉर्ड करा, कागदावर लिहू नका. लिहिताना विचार करायला वेळ मिळतो आणि बिघाड लपतो.

ते जमलं की तीच गोष्ट 'आम्ही'वर न्या, कारण 'नोस'च्या जागी 'से' येण्याची खोड सर्वांत शेवटी सुटते. 'नोस लेवान्तामोस, नोस बान्यामोस, नोस कान्सामोस'. जिथे अडखळाल तेवढंच वाक्य परत म्हणा, आणि मग उद्या आजीऐवजी शेजारचे काका घ्या.